विशारद, कंसात प्रथम

मंगळवारी सकाळी भालेराव साहेबांचा फोन आला तेव्हा मी बदनापूरच्या एका शाळेत माईक तपासत होते. दहा वाजता तिथं प्रयोगशाळेचं उद्घाटन होतं आणि पाहुणे वाटेत होते.

"वंदनाताई, करीम सरांचा परिचय कुणी लिहिला?"

"मीच. दर वर्षी मीच लिहिते."

"त्यात 'संगीत विशारद परीक्षेत प्रथम' असं आहे. ते कुठून आणलं?"

"त्यांच्याकडूनच. का हो?"

"ते विशारद नाहीतच. प्रथम तर लांबच राहिलं. लेखी तक्रार आलीय. तिथलं आटोपलं की ऑफिसला या." आणि त्यांनी फोन ठेवला.

उद्घाटन मी कसं पार पाडलं ते आठवत नाही. फीत कापायच्या आधी दीपप्रज्वलन पुकारलं, एवढं आठवतं. समई तिथं ठेवलेलीच नव्हती.

माझा व्यवसाय सूत्रसंचालनाचा. जालन्यात गेली सतरा वर्षं मी हेच करते. उद्घाटनं, सत्कार, शाळांची गॅदरिंग, स्पर्धा. लोकांना वाटतं, हे काम म्हणजे गोड बोलणं. खरं काम स्टेजवर चढायच्या आधीच झालेलं असतं. पाहुण्यांचे परिचय लिहायचे, नावांचे उच्चार विचारून घ्यायचे, कोण कुणाच्या शेजारी बसणार नाही ते माहीत करून घ्यायचं. परिचय दीड मिनिटाचा असतो. त्यात शिक्षण, काम आणि सन्मान अशा तीन गोष्टी येतात. त्याहून लांबला तर श्रोते मोबाईल काढतात, आखूड झाला तर पाहुणा नाराज होतो.

भालेराव साहेब इथल्या एका सांस्कृतिक मंडळाचे सचिव. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे. मंडळ दर वर्षी शाळकरी मुलांची जिल्हास्तरीय गायन स्पर्धा घेतं. त्या वर्षीची अंतिम फेरी नुकतीच रविवारी झाली होती. आष्टीची सोनाली पहिली आली होती आणि बदनापूरची ऋतुजा खरात दुसरी. प्रमुख पाहुण्यांना सवड नव्हती म्हणून बक्षीस समारंभ पुढच्या रविवारवर गेला होता. पहिल्या आलेल्या मुलीचं नाव विभागीय स्पर्धेला शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

परीक्षक तिघं. कॉलेजात संगीत शिकवणाऱ्या नीला मॅडम, सुगम संगीताचे कार्यक्रम करणारे एक गायक, आणि परतूरचे करीम सर. स्पर्धेच्या छापील नियमांत एक ओळ होती : परीक्षक किमान संगीत विशारद असतील. ती ओळ कोणी घातली ते कुणालाच माहीत नव्हतं, पण ती होती.

ऑफिसात भालेराव साहेबांनी तक्रार माझ्यापुढे सरकवली. अर्जदार मनोहर खरात, म्हणजे ऋतुजाचे वडील. बदनापूरला त्यांचं बी-बियाणांचं दुकान आहे. त्यांनी लिहिलं होतं की करीम सर विशारदच्या शेवटच्या परीक्षेत नापास झालेले आहेत, परीक्षा केंद्रावरच्या जुन्या रजिस्टरात तशी नोंद आहे. परीक्षकच नियमात बसत नसेल तर निकाल कसा बसतो, असा त्यांचा सवाल होता. भाषा सभ्य होती. खाली स्वच्छ सही होती.

"मी एक मार्ग काढलाय," भालेराव साहेब म्हणाले. "करीम सर प्रकृतीच्या कारणास्तव यंदापासून परीक्षक राहणार नाहीत, असं जाहीर करू. खरातांना मी समजावतो. प्रकरण बंद."

"आणि परिचय?"

"त्याचं काय? त्यांनी सांगितलं, तुम्ही वाचलं. तुमच्यावर काय येतंय?"

माझ्यावर काही येत नव्हतं, हे ऐकून बरं वाटलं, हे कबूल करते. मंडळाचे वर्षाचे सगळे कार्यक्रम माझ्याकडे होते. पण घरी गेल्यावर मी जुनी फाईल काढली.

माझी एक सवय आहे. पाहुण्यांनी हातानं लिहून दिलेली माहिती मी टाकत नाही. सगळे कागद आडनावाप्रमाणे लावून ठेवलेत. शेख करीम यांचा कागद सापडायला पाच मिनिटं लागली. शाळेच्या वहीचं पान, निळी शाई, अक्षर मोठं आणि जरा थांबत थांबत लिहिल्यासारखं. नाव, गाव, नोकरी. आणि शिक्षणापुढे लिहिलं होतं : 'संगीत विशारद (प्रथम)'.

कंसात प्रथम. मी तो शब्द बराच वेळ बघत बसले. मग नीला मॅडमना फोन लावला आणि विचारलं, कंसातलं प्रथम म्हणजे काय.

"अगं, विशारदच्या दोन परीक्षा असतात," त्या म्हणाल्या. "विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण. प्रथम म्हणजे पहिला टप्पा. कॉलेजात फर्स्ट इयर असतं ना, तसं. पूर्ण पास झालं की मग माणूस विशारद. का गं?"

मी म्हटलं, सहज.

सतरा वर्षांपूर्वी मी या कामात अगदी नवी होते. माझा तो तिसरा की चौथा कार्यक्रम. ठिकाण परतूर, एका शाळेचं गॅदरिंग. संगीतातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. 'विशारद (प्रथम)' हे वाचून मला वाटलं, माणूस विशारदला पहिला आलाय आणि विनयानं कंसात लिहितोय. मी स्टेजवरून खणखणीत आवाजात म्हणाले, "संगीत विशारद परीक्षेत प्रथम क्रमांक." टाळ्या पडल्या. मला त्या माझ्याच वाटल्या.

पुढच्या कार्यक्रमाला मी मागचाच परिचय काढला. त्यापुढच्याला तोच, आणि वर एखादं विशेषण. आधी 'सुप्रसिद्ध' घातलं, मग 'व्यासंगी', मग त्यांचे केस पांढरे झाले तेव्हा 'ज्येष्ठ'. इतर निवेदकांनी माझ्याकडून उचललं. मंडळानं पत्रिकेत छापलं. तेवढ्यावर करीम सर तालुक्यातल्या स्पर्धांचे परीक्षक झाले, मग जिल्ह्यातल्या. कागदावरचा कंस कुणी पाहिला नाही, कारण कागद माझ्या फाईलीत होता.

फाईल मिटून मी कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मी भालेराव साहेबांच्या मार्गाचा विचार करत होते, हेही लिहिलं पाहिजे. प्रकृतीचं कारण सगळ्यांनाच सोयीचं होतं. कागद फक्त माझ्याकडे होता. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. करीम सरांना हे कळेल तेव्हा ते कुणाकडे बघतील?

बुधवारी सकाळची गाडी धरून मी परतूरला गेले.

करीम सर कधीच संगीत शिक्षक नव्हते, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ते तिथल्या एका खासगी शाळेत तीस वर्षं क्लार्क होते. प्रार्थना, समूहगीत, गॅदरिंग मात्र सगळं त्यांच्याकडे. मुलं सर म्हणायची म्हणून गावही सर म्हणायला लागलं. आता निवृत्त होऊन घरीच शिकवतात. मी पोचले तेव्हा पुढच्या खोलीत चार मुली पेटीभोवती बसल्या होत्या आणि सर एकीला तोच तोच स्वर परत लावायला सांगत होते.

"या मॅडम, बसा. दोन मिनिटं. हिचा गंधार जागेवर येऊन राह्यलाय, आता सोडला तर पळून जाईल."

गंधार जागेवर आला. मुली गेल्या. सरांच्या बेगमनी चहा आणून ठेवला आणि आत गेल्या. मी तो जुना कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी चष्मा लावून वाचला. मग चष्मा काढून ठेवला.

"म्हंजे कळालं कुणाला तरी."

मी तक्रारीचं सांगितलं. खरातांचं नाव ऐकून ते दचकले नाहीत, नुसतं मान हलवून म्हणाले, "मेहनती पोरगी आहे त्यांची."

"सर, तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं? पहिल्याच कार्यक्रमात. मी चुकीचं वाचलं होतं."

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "त्या दिवशी अब्बा आल्ते."

"कुठं?"

"गॅदरिंगला. दुसऱ्या रांगेत बसलेले. जिनिंगमधी कामाला होते अब्बा, सगळी जिंदगी कापसात गेली. माझं गाणं त्यांना पसंत न्हवतं. घरात पेटी आणली तवा महिनाभर बोल्ले न्हाईत. त्या दिवशी हेडमास्तर घरी येऊन घेऊन गेले त्यांना. इशारद म्हंजे काय, ते त्यांना म्हाईत न्हाई. पण तुम्ही प्रथम बोल्लात, ते कळालं. आजूबाजूचे लोक त्यांच्याकडं वळून बघून राह्यले होते. मी स्टेजवरून बघितलं, अब्बा टाळ्या वाजवून राह्यलेत." त्यांनी कागदाची घडी घातली. "तवाच उठून हात वर करायचा होता, मॅडम. न्हाई केला."

"आणि नंतर?"

"नंतर उशीर झाला. एकदा ऐकून घेतलं की दुसऱ्या वेळी कोणत्या तोंडानं बोलायचं? अब्बा गेल्यावर तरी बोलायला पायजे होतं. दर वर्षी ठरवायचो, यंदा मॅडमला सांगू. तुम्ही माईकवर असायच्या, घाईत असायच्या. खोटं मी कुणाला सांगितलं न्हाई. पण खोटं ऐकून घेतलं, ते बी तसंच झालं ना."

शेवटच्या परीक्षेचं मी विचारलं. त्यांचं शिक्षण दहावीपर्यंत उर्दू शाळेत. विशारदला गाण्याची परीक्षा असते आणि सोबत लेखी पेपर असतो, त्याला शास्त्र म्हणतात. रागांची तुलना लिहायची, ताल चिन्हांत मांडून दाखवायचा.

"गाण्यात चांगले गुण होते," ते म्हणाले. "ताल हातावर यायचा, कागदावर न्हाई. देवनागरी वाचायला यायची, पण तीन तास भराभर लिहायचा हात बसलेला न्हवता. तेव्हाच्या औरंगाबादला दोनदा गेल्तो. दोनदा शास्त्रात गेलो. मंग लग्न झालं, नोकरी लागली. तिसऱ्यांदा जाणं झालं न्हाई."

मी त्यांना भालेराव साहेबांचा मार्ग सांगितला. प्रकृतीचं कारण. गुरुवारी खरातांना समजवायला मंडळाच्या ऑफिसात मीटिंग ठेवलीय, तेही सांगितलं.

"तब्येत ठणठणीत आहे माझी," ते म्हणाले. "आता आणखी एक खोटं कशाला? उद्या मीटिंग किती वाजता आहे?"

गुरुवारी अकरा वाजता मंडळाच्या ऑफिसात आम्ही पाच जण बसलो. भालेराव साहेब, नीला मॅडम, खरात, करीम सर आणि मी. तिसरे परीक्षक बाहेरगावी होते.

करीम सरांनी बसल्या बसल्या पिशवीतून तीन गुणपत्रिका काढून टेबलावर मांडल्या. विशारद प्रथम, उत्तीर्ण. विशारद पूर्ण, अनुत्तीर्ण. पुन्हा विशारद पूर्ण, पुन्हा अनुत्तीर्ण. प्लास्टिकच्या कव्हरात नीट जपून ठेवलेल्या.

"खरात साहेब, तुमचं म्हणणं बराबर आहे," ते म्हणाले.

खरात तयारी करून आले असणार. त्यांच्या हातात कागद होते. समोरचा माणूस पहिल्याच वाक्यात कबूल झाल्यावर त्यांनी ते मिटून टेबलावर ठेवले.

"मंग इतके वर्षं पत्रिकेत छापून येऊन राह्यलं, ते?"

आता बोलायची पाळी माझी होती. भालेराव साहेब माझ्याकडे बघून किंचित मान हलवत होते, नको म्हणून. मी जुना कागद काढला.

"ते माझ्यामुळे. त्यांनी बरोबर लिहून दिलं होतं. कंसातल्या प्रथमचा अर्थ मला कळला नाही. मी पहिला नंबर असं वाचलं आणि सतरा वर्षं तेच वाचत राहिले. कुणाला विचारलं नाही, कागद परत काढून बघितला नाही."

"सतरा वर्षं?"

"हो."

खरातांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "अन् सर, तुम्ही गप राह्यलात."

"राह्यलो," करीम सर म्हणाले.

"यावर नोकरी लागली का तुमची?"

"न्हाई. क्लार्क होतो मी. मॅडमनी ते वाचायच्या आधीपासून."

खरातांनी कागद खाली ठेवला. त्यांचा आवाज उतरला होता, पण मुद्दा त्यांनी सोडला नाही, आणि तो त्यांनी सोडू नये असंच मला वाटलं. ते म्हणाले, "मी भांडायला म्हणून शोधलं न्हाई, साहेब. पोरीला पुढच्या परीक्षेसाठी कुणाकडं शिकायला पाठवावं, ते विचारायला सेंटरवर गेल्तो. मीच करीम सरांचं नाव काढलं. तिथल्या मॅडम बोल्ल्या, ते तर पूर्ण झालेले न्हाईत. मला लई वाईट वाटलं. आमच्या घरात गाणं कुणालाच येत न्हाई. कोण चांगलं, कोण वाईट, मला काय कळणार? मी सर्टिफिकेट बघतो. माझ्यासारख्या माणसाला दुसरं काय बघता येतं? तेच खोटं निघालं तर मी कशावर भरवसा ठेवायचा?"

नीला मॅडम टेबलावरच्या गुणपत्रिका बघत होत्या.

"तुमची मागणी काय आहे?" भालेराव साहेबांनी विचारलं.

"नियमाप्रमाणं करा. करीम सरांचे गुण वजा करा. दोन परीक्षकांचे धरा. जो निकाल येईल तो मान्य."

हे रास्त होतं. भालेराव साहेबांनी कपाटातून सीलबंद पाकीट आणलं. गायन स्पर्धेत प्रत्येक परीक्षक शंभरपैकी गुण देतो. सूर, ताल, शब्दोच्चार आणि भाव यांचे वेगवेगळे रकाने असतात. तिघांची बेरीज करून निकाल लागतो. कुणी कुणाला किती दिले हे बाहेर सांगायचं नसतं, परीक्षकांनी एकमेकांतही बोलायचं नसतं. भालेराव साहेबांनी पाकीट फोडलं, तिन्ही कागद बाजूबाजूला ठेवले आणि बँकेतल्या सवयीनं दोनदा बेरीज केली. मग कागद तसेच खरातांकडे वळवले.

मूळ निकालात सोनाली चार गुणांनी पुढे होती. करीम सरांचे गुण काढले तर ती दहा गुणांनी पुढे जात होती.

समजायला मला थोडा वेळ लागला, खरातांना माझ्याहून जास्त. बाकीच्या दोघांनी सोनालीला वर ठेवलं होतं. करीम सरांनी एकट्यानं ऋतुजाला सोनालीपेक्षा सहा गुण जास्त दिले होते. ज्या माणसाचे गुण खरात काढून टाकायला सांगत होते, त्यानंच त्यांच्या मुलीला पहिलं ठेवलं होतं.

"तुम्हाला हे म्हाईत होतं," खरात म्हणाले.

"माझे गुण मला म्हाईत असणारच."

"मंग आत्ता बोल्ले का न्हाईत? मी वजा करा म्हणलो तेव्हा?"

"गुण सांगायचे नसतात," करीम सर म्हणाले.

खरात कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "कशाचे जास्त दिले?" आता तो तक्रारदाराचा प्रश्न नव्हता, बापाचा होता.

"सुराचे. तुमच्या पोरीचा सूर शेवटपर्यंत उतरला न्हाई. जिथून सुरू केलं तिथंच येऊन थांबली. हे सहज येत न्हाई, रोज बसावं लागतं. त्या आष्टीच्या पोरीचा आवाज भारी आहे, गाण्यात जीव आहे, पण दम लागला की जरा खाली येते. मी सूर पहिला बघतो."

"आणि मी भाव पहिला बघते," नीला मॅडम म्हणाल्या. "सोनालीनं ते गाणं समजून म्हटलं. ऋतुजा फार जपून गाते, चुकायला घाबरते. म्हणून तर तीन परीक्षक ठेवतात, खरात. सगळ्यांचे कान सारखे असते तर एक पुरला असता."

खरातांनी तक्रारीच्या अर्जावर खाली लिहिलं की निकाल मान्य आहे, आणि सही केली. उठताना त्यांनी करीम सरांच्या गुणपत्रिका गोळा करून कव्हरात घातल्या आणि त्यांच्या हातात दिल्या.

सोनालीचं नाव त्याच दुपारी विभागीय स्पर्धेला गेलं. करीम सरांचे गुण वगळून निकाल पुन्हा नोंदवला गेला. ते परीक्षक राहू शकत नव्हते. नियम नियम होता आणि त्यावर सरांनीही वाद घातला नाही. प्रश्न उरला तो रविवारचा. समारंभाची पत्रिका छापून झाली होती. तिच्यात जुनाच परिचय होता.

"स्टेजवरून दुरुस्त करा," करीम सर मला म्हणाले.

"करते. विशारद प्रथम, एवढंच वाचते."

"पुन्हा लोक पहिला नंबरच समजतील. पूर्ण परीक्षा नापास, असं वाचा."

आमच्या व्यवसायात स्टेजवरून काही शब्द उच्चारत नाहीत. नापास हा त्यातला पहिला. मी त्यांना समजावून पाहिलं. हॉलमध्ये तुमचे विद्यार्थी असतील, त्यांचे आई-वडील असतील. ते म्हणाले, "म्हणून तर." भालेराव साहेबांनीही दुसऱ्या वाक्यरचना सुचवल्या. 'पुढील शिक्षण परिस्थितीमुळे अपूर्ण' अशी एक होती. सरांनी ऐकून घेतल्या आणि नको म्हणाले.

रविवारी दुपारी हॉल भरलेला होता. मुलं, पालक, शिक्षक. मी माईकसमोर उभी राहिले. मी सांगितलं की पत्रिकेतल्या एका परिचयात चूक आहे आणि ती निवेदक म्हणून माझी चूक आहे. गेली सतरा वर्षं मी ती करत आले आहे. मग वाचलं :

"शेख करीम. राहणार परतूर. एका शाळेत तीस वर्षं लिपिक. विशारद प्रथम ही परीक्षा उत्तीर्ण. विशारद पूर्ण या परीक्षेला दोनदा बसले, लेखी विषयात दोन्ही वेळा नापास. घरी मुलांना गाणं शिकवतात."

टाळ्या पडल्या नाहीत. कुणी हसलंही नाही. मागच्या रांगेत कुणीतरी शेजारच्याला काहीतरी विचारलं, एवढंच ऐकू आलं. करीम सर पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसले होते. मी पुढचा कार्यक्रम पुकारला. सोनालीनं बक्षीस घेतलं, मग ऋतुजानं. ऋतुजा स्टेजवरून उतरताना वाटेत थांबून करीम सरांच्या पाया पडली. तिला घरी कुणी काही सांगितलं होतं का, ते मला माहीत नाही.

सगळं गोड झालं असं नाही. परतूरच्या दोन घरांनी मुलांना सरांकडे पाठवणं बंद केलं. एका संस्थेनं त्यांना ठरलेल्या स्पर्धेचं परीक्षक म्हणून बोलावणं रद्द केलं, तेही मोबाईलवरच्या दोन ओळींत. मलाही मंडळानं पुढचे दोन कार्यक्रम दिले नाहीत. भालेराव साहेब स्पष्ट बोलले. ताई, खरं बोललात ते चांगलं केलंत, पण लोक विचारतात, बाकीचे परिचय तरी खरे आहेत का. त्यांचा राग मला आला नाही. प्रश्न बरोबर होता. मी फाईल काढून एकेक परिचय मूळ कागदाशी ताडून पाहिला. तीन ठिकाणी मीच वाढवलेलं सापडलं. एका पाहुण्यांना मी न मिळालेला पुरस्कार दिला होता, आणि ते दर वेळी मान झुकवून तो स्वीकारत आले होते. तिघांनाही फोन करून सांगितलं. दोघं हसले, एक अजून बोलत नाहीत.

तिसऱ्या कार्यक्रमाला भालेराव साहेबांनी मला परत बोलावलं. मंडळानं पुढच्या वर्षीच्या नियमांत ती ओळ बदलली. आता परीक्षक 'विशारद किंवा दीर्घ अध्यापनाचा अनुभव असलेले' असतील. ही सूचना लेखी आली होती. अर्जदार मनोहर खरात. ऋतुजाला त्यांनी करीम सरांकडे पाठवलं नाही. परीक्षेची तयारी करून घेणारे शिक्षक वेगळे असतात, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण स्पर्धेच्या आधी ते तिला एकदा परतूरला घेऊन जातात, नुसतं सरांना ऐकवायला.

मध्यंतरी परतूरला एक कार्यक्रम होता म्हणून मी सरांकडे गेले. पुढच्या खोलीत पुन्हा मुली बसल्या होत्या, आधीपेक्षा कमी. मी विचारलं, "सर, आता वेळ आहे. विशारद पूर्णचा फॉर्म भरा की. लिहायला मी मदत करते."

ते हसले. म्हणाले, "आता कशाला, मॅडम? परिचय तर बराबर झाला."

तेव्हापासून मी कामात एक बदल केला आहे. परिचय लिहून झाला की मी तो पाहुण्यांना पाठवते. पूर्वी विचारायचे, ठीक आहे ना? त्यावर सगळे ठीक आहे म्हणायचे. आता विचारते, यात खोटं काय आहे? बहुतेक जण चिडतात आणि काही नाही म्हणतात. त्यातल्या काहींचा दुसऱ्या दिवशी फोन येतो.